आपला तांब्या किती लिटरचा?

शाहूपुरीतल्या गेल्या बैठकीला आम्ही सगळ्यांनी घरची एकेक वाटी आणली होती. पाणी भरून मोजलं, तर एकीची १२० मिलीची, दुसरीची २००. म्हणायला दोन्ही वाट्याच!

चिपटं, मापटं, शेर, पायली ही आपल्या आज्यांची मापं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्यानं किलो-लिटर आले, तरी चुलीपाशी आपण वाटी आणि तांब्यावरच चालवतो. आमटीत पाणी कमीजास्त झालं तर चालतं. पण लेकराला जुलाब लागले, की चालत नाही. घरच्या साखर-मिठाच्या पाण्याला एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ लागतं. चमचा ५ मिलीचा. लिटरचा समजून घेतलेला तांब्या पाऊण लिटरचा निघाला, तर मीठ जास्त होतं आणि ते लहान जिवाला घातक ठरू शकतं. ओआरएसच्या पुडीचंही तसंच. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं.

म्हणून आजच मोजूया. एक लिटरच्या रिकाम्या बाटलीनं पातेल्यात पाणी ओता आणि येईल तिथं खूण करा. औषधाच्या टोपणावर ५ मिलीची रेघ असते, तिच्यावरून चमचा पारखा. बाळ मलूल झालं, पाणीही पिईना, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला तांब्या घेऊन या. सगळ्या मिळून मोजू.