सुरतेची परदेशी थडगी

सतराव्या शतकात सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते आणि इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या वखारी, म्हणजे मालाची साठवण आणि कारभार एकत्र चालणारी ठाणी, तेथे असल्यामुळे, मायदेशी परतू न शकलेल्यांची थडगी शहराच्या कतारगाम भागात उभी राहिली. त्यांवर युरोपीय धाटणीपेक्षा मुसलमानी मकबऱ्यांच्या घुमटांची आणि कमानींची छाप ठळक आहे.

इंग्रज दफनभूमीतील ऑक्झेंडन बंधूंच्या स्मारकापाशी मराठी प्रवाशाने अवश्य थांबावे, कारण 1669 मध्ये निवर्तलेला जॉर्ज ऑक्झेंडन हाच 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता.

डच दफनभूमीत 1691 मध्ये मृत्यू पावलेल्या हेंड्रिक व्हॅन रीड या डच अधिकाऱ्याचे दुमजली, सज्जे असलेले थडगे आहे. त्याच्या खिडक्यांत एके काळी कोरीव लाकूडकाम आणि भिंतींवर चित्रे होती. मलबारातील वनस्पतींची सचित्र नोंद करणारा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोचीच्या तीन वैद्यांचे कोकणी प्रशस्तिपत्र देवनागरीत छापलेले असून, भारतीय लिपींच्या मुद्रणेतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे. या वैद्यांची, तसेच ग्रंथासाठी वनस्पतींची माहिती पुरवणाऱ्या इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याची आठवण त्या थडग्यापाशी व्हायलाच हवी.