आठ घरांतला ‘म’

जुना घरगुती संगणक हाती आला की लगेच बटण दाबू नका. खामगावात एका भंगारवाल्याकडे मला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस मिळाला. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये १९८२ साली निघाला. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला. त्याला नऊ व्होल्ट लागतात, पण पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरचं याच्या उलट असतं. हे आधी तपासा, नाहीतर यंत्र जळालंच म्हणून समजा.

मग जुना टीव्ही घ्या, अँटेनाच्या जागी संगणकाची वायर लावा आणि यूएचएफचं ३६ नंबरचं चॅनेल जुळवा. पडद्याच्या तळाशी १९८२ हे साल उमटलं, तेव्हा घरातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या! याची स्मृती ४८ केबी. मोबाइलवरचा साधा फोटोही तीत मावायचा नाही.

त्यात मराठी नाही. पण २१ अक्षरं आपली आपण घडवायची सोय आहे. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरं. ठिपका हवा तिथे एक, नको तिथे शून्य. घरात आम्ही उर्दू बोलतो, कविता मात्र मला मराठीत सुचते. चौकटीच्या वहीत मी ‘म’ काढला. वरची ओळ सगळी एक, ती शिरोरेघ. मग काना, मग ‘य’. पडद्यावर ‘माय’ उमटली.

२१ जागांत आख्खी वर्णमाला बसत नाही. कोणती अक्षरं ठेवायची, ते आपणच ठरवायचं. तुमच्या माळ्यावर असं यंत्र असेल, तर आधी अडॅप्टर तपासा. मग आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढून बघा.