पेटी घुसमटू देऊ नका

आज भजनी मंडळातल्या वाद्यांविषयी बोलायचं आहे. आमच्या महिला मंडळानं वर्षभर वर्गणी साठवून पेटी घेतली. तेव्हा गावात दोन-चार जण म्हणालेच, "बायकांना पेटी कशाला?" आम्ही ऐकून घेतलं. आषाढी एकादशीला वाजवली आणि पाऊस लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून देवळाच्या खोलीत भिंतीशी ठेवली. उघडली ती थेट गणपतीत. पट्ट्या दाबल्या तर वर येईनात. एक सूर बोट उचललं तरी वाजतच राहिला. भात्याच्या घड्यांत बुरशी धरली होती. दुरुस्तीवाले म्हणाले, "बाई, पेटी भिजली नाही, घुसमटली." दुरुस्तीला दोन महिन्यांची बचत गेली. टोमणे ऐकले ते वेगळेच.

चूक आमची होती, पण ती अज्ञानातून झाली होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे सांगते.

लाकूड कापलं, रंगवलं तरी हवेतली ओल पिणं सोडत नाही. पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसंच पेटीच्या पट्ट्यांचं होतं. थंडीत हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, सांधे उघडतात, चीर पडते. म्हणजे जपायचं दोन्हीपासून, ओलीपासून आणि अति कोरडेपणापासूनही.

पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. खाली पाट ठेवा आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. वरून जुन्या सुती लुगड्याचं किंवा चादरीचं आवरण घाला. प्लॅस्टिक फक्त वाटेत पाऊस लागला तर, आणि घरी आल्यावर लगेच काढायचं. ठेवताना भाता मिटून कडी लावा, म्हणजे उंदीर-झुरळं आत शिरायची नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी पाव तास पेटी वाजवा. आत हवा खेळते आणि सूरही मोकळे राहतात. खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवता येतात. त्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं, पुडी बदला. पुड्या लेकरांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

बुरशी दिसली तर कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि पेटी सावलीत, वाऱ्याला ठेवा. उन्हात नको. उन्हानं सरस सुटतो, लाकूड वाकतं.

आता पखवाज. धुमेला लावलेली कणीक भजन संपलं की तिथंच खरवडून काढा. राहिली तर आंबते, बुरशी धरते, उंदीर चामडं कुरतडतात. पावसात पान सैल पडतं म्हणून आपण गट्टे ठोकून सूर चढवतो. पण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच पान आणखी ताणतं, फाटूही शकतं. तेव्हा गट्टे उतरवून घ्या. आणि हलगी शेकतात म्हणून पखवाज शेकू नका. हलगीला शाई नसते. पखवाजाची शाई आचेनं तडकते.

वीणा किंवा तंबोरा असेल तर ठेवताना तारा थोड्या उतरवा. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो. वाळला तरी तो भोपळाच, धक्का लागला की फुटतो. म्हणून तंबोरा खाली जड काही नसलेल्या कोपऱ्यात, आडवा ठेवा आणि वर काही रचू नका. टाळांना हाताचा घाम लागतो, ते कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.

थंडीतली एक गोष्ट लक्षात ठेवा. कार्तिकात काकड्याला पहाटे पेटी घेऊन जातो, तेव्हा ती थंडगार असते. देवळात माणसं जमली की हवा ऊबदार आणि दमट होते. थंड तांब्यावर बाहेरून पाणी जमतं, तसं पेटीच्या आत, पितळी सुरांवरही जमू शकतं. म्हणून गेल्या-गेल्या झाकण उघडू नका. अर्धा तास तशीच राहू द्या. शेकोटीजवळ, चुलीजवळ किंवा दुपारी तापणाऱ्या पत्र्याखाली पेटी नकोच.

पोरांची गिटार घरी पडून असते कितीतरी जणींकडे. पोरगा पुण्या-मुंबईला गेला आणि ती कपाटावर उभी राहिली. तिलाही हेच नियम. तारा एक-दोन सूर खाली उतरवा, खोक्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून लांब. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ती मोजायचं लहान यंत्र मिळतं. ते नसलं तर ज्या खोलीत पापड मऊ पडतात ती खोली गिटारीला नको, एवढं ओळखलं तरी पुरे.

आमच्या मंडळानं आता पाळी लावली आहे. वहीत नावं आहेत. ज्या आठवड्यात जिची पाळी, तिनं पेटी उघडायची, वाजवायची, पुसायची आणि सही करायची. जिला वाजवता येत नव्हतं, तीही त्या पाव तासात सा-रे-ग-म शिकली. मागच्या काकड्याला आमच्या एका काकूंनी पहिल्यांदा सगळ्यांपुढं पेटी धरली. टोमणे मारणारे समोरच बसले होते, टाळ वाजवत.

तुमच्या मंडळाची पेटी आज कुठं ठेवली आहे? हा कार्यक्रम संपला की जाऊन एकदा बघून या.