तार खोटी निघते तेव्हा

गिटारला नवी तार चढवली, खुंटी पिळून सुरात आणली, मोकळी छेडली तर ट्यूनरचा काटा बरोबर मध्यावर. तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली की स्वर कणसूर. अशा वेळी शिकणारा आधी आपल्या कानाला दोष देतो, मग बोटांना, मग गिटारला. तारेचा संशय कुणालाच येत नाही, कारण ती नवी कोरी असते.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरमागचं वजन. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६३६ साली हे नियम ग्रंथात मांडले. आता, कारखान्यातून तार ठरल्यापेक्षा किंचित जाड आली तर काही बिघडत नाही. खुंटी थोडी जास्त पिळली की झालं. घात होतो तो जाडी सगळीकडे सारखी नसली की. समजा, ब्रिजकडचा अर्धा भाग जड आहे. मोकळी तार दोन्ही अर्ध्यांचा मिळून स्वर देते. बाराव्या पडद्यावर दाबली की वाजतो तो फक्त जड अर्धा, आणि स्वर उतरतो. पहिली पोलादी तार जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते. तिच्या एका अर्ध्यात अडीच मायक्रॉनचा फरक पडला, तरी सूर आठ-नऊ सेंटनं हलतो. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरले, तर हा फरक तयार कानाला नक्की खुपतो.

याहून वाईट म्हणजे अशा तारेचे उपस्वरही दुप्पट, तिप्पट, चौपट अशा आपापल्या जागी राहत नाहीत. तंबोऱ्याच्या संगतीत मुरलेल्या माणसाला हे चटकन कळतं: खुंटी कितीही फिरवा, सूर लागल्याचं समाधान मिळत नाही.

नायलॉनच्या तारांत हा दोष जास्त आढळतो. आज नायलॉन लावतात त्या गिटारला पूर्वी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागलं, तारांचा तुटवडा झाला, आणि न्यूयॉर्कचे वाद्यकार अल्बर्ट ऑगस्टीन यांनी आंद्रेस सेगोव्हिया यांच्या साथीनं नायलॉनच्या तारा घडवल्या. काही कारखाने नायलॉनची तार घासून एकसारखी करतात, ती सुराला अधिक विश्वासू असते. आतड्याच्या तारा तर मुळातच लहरी. म्हणून सोळाव्या शतकातले पॅरिसचे ल्यूटवादक आद्रियाँ ल रुआ विद्यार्थ्यांना सांगत, की तार चढवण्याआधी दोन्ही हातांत ताणून छेडा. दोनच स्वच्छ रेषा दिसल्या तर तार खरी, जास्त दिसल्या तर खोटी. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही परीक्षा नायलॉनला आजही लागू पडते. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिला डोळ्यांखेरीज काही लागत नाही.

गुंडाळीच्या तारांचं निराळं. त्यांच्या गाभ्यावर तांब्याची किंवा ब्राँझची बारीक तार वेटोळ्यांनी बसवलेली असते. वेटोळी कुठे सैल पडली की आवाज बोथट होतो, झणझणतो. गोल गाभ्याची तार असेल, तर टोक आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा, नाहीतर गुंडाळी आपल्याच हातून सुटते.

नवी तार उतरत राहते, तो मात्र दोष नव्हे. पोलादी तार लवकर स्थिरावते, नायलॉनला काही दिवस द्यावे लागतात. तोवर कुठलाही निवाडा करू नये. त्यानंतर बाराव्या पडद्यावर बोट अलगद टेकवून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ताडून पाहा. सगळ्याच तारा चुकत असतील तर गिटार कारागिराकडे न्या. एकच चुकत असेल आणि ती साधी नायलॉनची असेल, तर उलटी करून, टोकं बदलून बांधा. कधी कधी तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर त्या जाडीची सुटी तार आणा, अख्खा संच बदलायची गरज नाही.