उज्जयिनीची मध्यरेखा



मठाच्या उत्सवात भूगोलावर व्याख्यान, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु मठात हा विषय निघण्याला आठशे वर्षांहून जुना आधार आहे. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथे यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने १२०७ साली एक मठ स्थापन केला. चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे एवढाच त्या मठाचा हेतू होता. ही हकीकत सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. त्यातील दानासंबंधीचा भाग जुन्या मराठीत आहे, हे आपणांस मुद्दाम सांगावेसे वाटते. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गोलाध्याय आहे. तेव्हा पृथ्वी किती मोठी आणि तिच्यावर आपले गाव नेमके कोठे, हा विचार मठाला परका नाही.

गावाचे स्थान सांगावयाचे तर दोन गोष्टी लागतात. पहिली, विषुववृत्तापासून ते उत्तरेस वा दक्षिणेस किती दूर आहे ही. तिला अक्षांश म्हणतात. ती सोपी. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांचा शंकू सपाट अंगणात उभा करावा आणि त्याची छाया मोजावी. पंचांग पाहणाऱ्यांना हीच ‘पलभा’ म्हणून परिचित आहे. गोव्यात ती सुमारे सव्वातीन अंगुळे भरते, उज्जयिनीस पाचांहून किंचित अधिक. या कामी दुसऱ्या कोणाची गरज नाही. मनुष्य, काठी आणि सूर्य एवढे पुरेत. भास्कराचार्य उज्जयिनीचे अंतर विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्श्याइतके, म्हणजे साडेबावीस अंश, सांगतात. आजच्या मापाने ते सुमारे २३ अंश ११ कला आहे.

दुसरी गोष्ट पूर्व-पश्चिम अंतराची, म्हणजे रेखांशाची. येथे शंकू मुका होतो. सूर्य प्रत्येक गावी आपापल्या वेळेस माथ्यावर येतो. एका गावी बसून दुसऱ्या गावची मध्यान्ह दिसत नाही. यावर प्राचीनांनी काढलेली युक्ती फार सुंदर आहे. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो तो क्षण सर्व जगाला एकच. परंतु त्या क्षणी पूर्वेकडील गावी सूर्य मावळून अधिक वेळ झालेला असतो, पश्चिमेकडील गावी कमी. दोन्ही ठिकाणच्या वेळांतील फरक हाच त्यांच्या रेखांशांतील फरक. एका घटिकेस सहा अंश. ‘सूर्यसिद्धान्ता’त खग्रास चंद्रग्रहणाच्या आधारे हाच विधी दिला आहे. गणिताने आलेल्या वेळेनंतर ग्रहण दिसले तर आपण मध्यरेषेच्या पूर्वेस आहोत, आधी दिसले तर पश्चिमेस.

मात्र या युक्तीला दोन माणसे लागतात. ती दूरदूरच्या गावी असली पाहिजेत, दोघांनीही वेळ नीट मोजला पाहिजे आणि एकाचे टिपण दुसऱ्याच्या हाती पडले पाहिजे. अडचण होती ती येथेच. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहून टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला, तेव्हा अशी जुळणारी टिपणे फारच थोडी मिळतात अशी त्याची तक्रार होती. त्याने दिलेले उदाहरण इ. स. पूर्व ३३१ मधील ग्रहणाचे आहे. ते आर्बेला येथे रात्रीच्या पाचव्या तासाला आणि कार्थेज येथे दुसऱ्या तासाला दिसले, असे तो लिहितो. तीन तासांचे पंचेचाळीस अंश होतात. खरे अंतर सुमारे चौतीस अंशांचे आहे.

जेथे ग्रहणाचे टिपण नव्हते तेथे टॉलेमीची भिस्त खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सांगण्यावर. आपल्या देशाची त्याला माहिती थोडी नव्हती. उज्जयिनी ही चष्टनाची राजधानी आणि पैठण ही पुळुमावीची, हे तो अचूक सांगतो. परंतु त्याच्या आकड्यांवरून नकाशा काढला तर आपला दक्षिण भारत समुद्रात खाली उतरतच नाही. किनारा जवळजवळ पूर्वेकडेच धावतो, आणि सिंहलद्वीप अवाढव्य फुगते. यात आश्चर्य ते काय? कोणत्या पेठेत कोणता राजा हे व्यापारी बरोबर सांगतो. आपण दिवसाकाठी किती मजल मारली हे सांगताना मात्र त्याची जीभ सैल सुटते!

आता आकडे पाहा. अलेक्झांड्रिया ते उज्जयिनी हे अंतर टॉलेमीच्या मते साडेछप्पन्न अंश. ते वास्तविक सुमारे शेहेचाळीस अंश आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिका’ रचली. तीत यवनपूर आणि अवंती यांच्या वेळांतील फरक सात पूर्णांक एक तृतीयांश नाडी दिला आहे. नाडी म्हणजेच घटिका. तेव्हा हे चव्वेचाळीस अंश होतात. यवनपूर म्हणजे अलेक्झांड्रिया. वाराणसीसाठी नऊ नाडी, म्हणजे चोपन्न अंश. वास्तविक अंतर त्रेपन्नांहून किंचित अधिक. टॉलेमीची चूक दहा अंशांची, वराहमिहिराच्या ग्रंथातील दोन अंशांच्या आतबाहेर.

हे ऐकून आपल्याला अभिमान वाटेल, आणि तो वाटावा. परंतु तेथेच थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हा आकडा पौलिश सिद्धान्ताच्या निरूपणात आला आहे, आणि त्या सिद्धान्तावर यवनविद्येची छाप उघड आहे. आकड्याच्या एका टोकाला तर यवनांचेच नगर आहे. यवन म्लेच्छ असले तरी त्यांच्या ठायी हे शास्त्र उत्तम आहे म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य होत, असे खुद्द वराहमिहिरच ‘बृहत्संहिते’त म्हणतो. सारे काही आमचेच असे म्हणणारे आणि सारे काही उसनेच असे म्हणणारे, दोघेही त्या आकड्याचे एकच टोक धरून ओढतात.

आपल्या सिद्धान्तकारांनी रेखांशाचे शून्य उज्जयिनीवरून जाणाऱ्या रेषेवर धरले. या रेषेवर लंका, अवंती, रोहीतक आणि कुरुक्षेत्र येतात, असे ते सांगतात. कुरुक्षेत्र सुमारे एका अंशाने पूर्वेस सरकते, हे खरे. लंका म्हणजे मात्र सिंहलद्वीप नव्हे. तो विषुववृत्तावरील गणिताने ठरविलेला बिंदू आहे. येथे अनेकांचा घोटाळा होतो.

पुढे अरबांनी ही रेषा घेतली. त्यांच्या लिपीत ‘उझैन’मधील एक नुक्ता गळला आणि ‘झ’चा ‘र’ झाला. तेच नाव ‘अरीन’ होऊन लॅटिन ग्रंथांत शिरले. १४९८ च्या तिसऱ्या सफरीवरील पत्रात कोलंबस गोलार्धाच्या मध्यावरील अरीनचा उल्लेख करतो. ती क्षिप्रातीरची महाकालाची नगरी आहे, याची त्याला कल्पनाही नसावी.

१८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेखांशाचा मान ग्रीनिचला मिळाला. भारत सरकारच्या पंचांगसुधारणा समितीने १९५५ मध्ये आपला अहवाल दिला. साऱ्या देशाच्या गणितासाठी तिने जे मध्यस्थान कल्पिले, त्याचा रेखांश साडेब्याऐंशी अंश पूर्व आहे. तो उज्जयिनीचा नव्हे. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचाच आहे.