गाव स्वस्तात चालतं ते कुणाच्या जिवावर?

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



तुम्ही शहरातली पोरं. घरपट्टी म्हटलं की तुम्हाला जांभई येते. क्रांतीवर बोलायचं सोडून हा माणूस घरपट्टीवर काय बोलतोय, असं वाटत असेल. पण आपलं पाण्याचं भांडण पट्टीच्या पैशापासूनच सुरू झालं.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या, चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. कागदावरचं पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्या ठरावाचा आधार दया नव्हता, धर्मही नव्हता. आधार होता सार्वजनिक पैसा. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, 1925 साली, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं बाबासाहेबांचं पुस्तक लंडनमध्ये छापून निघालं होतं. तळ्यात उतरलेला माणूस तिजोरीचा हिशोब शिकून उतरला होता.

आता गावाकडं या. निवडणूक आली की भोंगा ओरडतो: पट्टी वाढणार नाही, सगळ्या सोयी मिळणार. पट्टी वाढू नये असं मलाही वाटतं. रोजानं जाणाऱ्या बाईला शंभर रुपये जास्त म्हणजे तेल-मिठावर गदा. पण कर कमी आणि सोयी पुऱ्या, तर मधला खर्च कोण उचलतं?

जुन्या गावानं हे कोडं कधीच सोडवलं होतं. मेलेलं ढोर ओढा, सांगावा पोचवा, रात्रीची राखण करा, सरकारी माणसाचं ओझं वाहा. बदल्यात शिळी भाकर आणि तुकडाभर वतन. गावाची पट्टी महाराच्या अंगातून वसूल होत होती. म्हणून तर 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं.

ते संपलं म्हणता? माझी माय एका ग्रामपंचायतीत रस्ते झाडायची. गावाचं नाव सांगत नाही, कोणतंही घाला, चालतं. तीन-तीन महिने पगार नाही. ती विचारायची, "भाऊसाहेब, पगाराचं काय?" ग्रामसेवक म्हणायचे, "मावशी, वसुलीच नाही." थकबाकीची यादी भिंतीवर होती. मायला वाचता येत नव्हतं, मी वाचली. आमच्या वस्तीची बाकी किरकोळ. मोठे आकडे सगळे वाड्यांपुढं. माय एवढंच म्हणाली, "लेका, मी रोज त्यांच्याच दारापुढं झाडते."

हा एका मायचा प्रश्न नाही. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला शासनाचा वाटासुद्धा करवसुलीच्या टक्क्याला बांधला गेला. ही अट काढा म्हणून त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या. म्हणजे थकवणार वाडा आणि उपाशी राहणार झाडूवाली.

मग करायचं काय? आपल्यातला एखादा तापट मित्र म्हणतो, पट्टीच भरू नका. मित्रा, तू चुकतोस. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. उत्पन्न शून्य, तर शून्याचे 15 टक्के किती?

आणि अनुदानावर विसंबू नका. पंधराव्या वित्त आयोगानं 2021-22 ते 2025-26 साठी 60 टक्के मूळ अनुदान पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलं, पण त्यातून पगार करता येत नाही. अनुदान पाइप टाकतं. कॉक फिरवणारा हात मात्र गावाच्या पट्टीवर जगतो.

म्हणून आपली मागणी अशी: दर कमी ठेवा, पण वसुली पुरी करा, आणि वरून सुरू करा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम 14 वाचा. बिल हातात पडल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यपदाला अपात्र ठरतो. ग्रामसभेत उभे राहा आणि सदस्यांच्या पावत्या मागा. दुसरं, नमुना नंबर 8 मागा. 2015 पासून आकारणी घराच्या भांडवली मूल्यावर आहे. घर कसलं, किती जुनं, हे त्यात धरतात. माडी उभी राहिली आणि वहीत अजून मातीचं घर असेल, तर त्या माडीची पट्टी तुमची झोपडी भरते आहे.

तिसरं, हे ज्या गावात बोलतोय त्याच्यापुरतं. हे 1608 साली जन्मलेल्या रामदासांचं जन्मगाव. बाहेरून माणसं येतात, गाड्या येतात. यात्रा कर, जत्रेवरचा कर बसवायची सोय कायद्यात आहे. येणाऱ्यांच्या मागचा कचरा उचलायचा खर्च झोपडीच्या पट्टीतून कशाला? गावाच्या नावातच समर्थ आहे, तर समर्थांनी आधी भरावं.

हे जमतं का? वाळूजजवळचं पाटोदा बघा. भास्करराव पेरे पाटलांच्या काळात तिथं पुरी पट्टी भरणाऱ्याला दळण फुकट मिळू लागलं आणि वसुली होऊ लागली. कारखाने शेजारी असल्याचा फायदा त्या गावाला आहे, हे खरं. पण दिलेल्या पैशाचं पीठ घरात येताना दिसलं की माणूस पैसा देतो, हे कोणत्याही गावाला लागू आहे.

तुम्ही शहरात परत जाल. सुट्टीला गावी गेलात की फक्त निळा झेंडा लावून येऊ नका. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्या लागतात. एकीला तरी बसा. वस्तीची पट्टी भरा, पावती खिशात ठेवा आणि मग विचारा: 15 टक्के कुठं गेले? झाडूवालीचा पगार झाला का?

स्वस्त गाव आपल्यालाही पाहिजे. पण माझ्या मायच्या पगारातून स्वस्त झालेलं गाव नको.

जय भीम.