ऋतुमान आणि मोटारगाडी

(मलकापूर येथील वाहनधारकांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरतेकडून धुळे, जळगाव, अकोला, अमरावतीमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग मलकापुरावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आज ५३ आहे. या रस्त्याने मलकापूरला बाजारपेठ दिली, आणि वेळोवेळी त्याची किंमतही वसूल केली. २९ जुलै २०२३ रोजी पहाटेपूर्वी मलकापुरात याच महामार्गावर दोन खासगी प्रवासी बसगाड्या समोरासमोर आदळल्या आणि सहा जणांचे प्राण गेले. अपघाताची सर्व कारणे चालकाच्या हाती नसतात. जी असतात, त्यांपैकी बरीचशी गाडी घराबाहेर काढण्यापूर्वीच पाहता येतात.

विदर्भातील उन्हाळा हा वाहनाच्या टायरची खरी कसोटी पाहणारा ऋतू होय. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापतो. अशा दिवसांत ‘टायर फुटेल, म्हणून हवा थोडी कमीच ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो हितकारक वाटला तरी घातक आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या कडा सतत वाकतात आणि त्या वाकण्यातूनच आत उष्णता साठत जाते. रस्त्याची उष्णता तिच्यात मिळते. गाडी भरलेली असेल आणि वेग अधिक असेल, तर आतले थर सुटू लागतात व टायर फुटतो. दोष दिला जातो तो मात्र जास्त हवेला!

वाहन उत्पादकाने सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या चौकटीवर अथवा माहितीपुस्तिकेत तो दिलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असल्यास तो पाळावा. ३० अंश तापमानाला ३३ पौंड भरलेली हवा ६० अंशांना सुमारे ३७-३८ पौंड होते. ही वाढ निर्मात्याने गृहीत धरलेली असते. म्हणून नांदुऱ्याहून तापून आलेल्या गाडीची हवा पंपावर मोजून कमी करणे चुकीचे. हवा सकाळी, गाडी फारशी चालण्यापूर्वी तपासावी, आणि स्टेपनीही विसरू नये. नायट्रोजन भरला म्हणजे तपासणीतून सुटका झाली, असेही नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरची झीज नजरेस दिसते, वय दिसत नाही. कडेवरील चार अंकांत ते नोंदलेले असते. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या, पण वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत असली तरी असा टायर जाणकाराला दाखवावा.

रेडिएटरमधील पाणी उकळू लागल्यास इंजिन बंद करून थांबावे. झाकण गरम असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. बंद गाडीत मुलांना पाच मिनिटांसाठीही ठेवू नये. उन्हात आतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांपर्यंत वाढू शकते.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावयास हवी. उन्हाने कडक झालेले वायपरचे रबर पहिल्याच सरीत काच पुसण्याऐवजी खरवडते. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल व धूळ निसरडी होते. त्यात शेतरस्त्यांवरून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती महामार्गावर येते. ही माती ओली झाली की ब्रेक लावूनही गाडी सरकत जाते. नळगंगेसारख्या नदीचे पाणी पुलावर आले असेल, तर पुढच्याने गाडी घातली म्हणून आपण घालू नये. फूटभर वाहते पाणीसुद्धा लहान मोटार उचलू शकते. पाण्यात इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप करू नये. आत पाणी शिरल्यास इंजिन मोडते.

हिवाळ्यात गाडीला त्रास कमी, रस्त्याला अधिक. कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या अंधारात मागून दिसत नाहीत. त्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे. मोटारचालकाने समोरून वाहन येताच डिपर द्यावा आणि पहाटेच्या धुक्यात प्रखर झोत टाळावा.

अपघात दिसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही उपयोगी पडतो. पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने लोक पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम १३४-अ अशा मदतनीसाला संरक्षण देते, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.